भिंगरीचा गुडघा

निसटलेला खांदा असो की मुरगळलेला घोटा, कल्याणातली माणसं आधी माझ्याकडे येत आणि मग देवाकडे जात. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. माझं नाव धोंडीबा. वडील ठाण्याला टेंभी नाक्यावर हाडं बसवायचे. लग्नानंतर मी कल्याणला आलो आणि तोच धंदा इथे मांडला. भाताच्या वखारीतले हमाल, रुळांवर राबणारे मजूर, त्यांची पोरं, त्यांचे बैल, सगळे माझ्या हाताखालून गेले. धोंडीबाचा हात लागला की हाड आपसूक जागेवर जातं, असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं. मी शहाणा असतो तर हसून सोडून दिलं असतं, पण मी ते खरं मानलं.

जोसेफिन माझ्या ओट्याशी पहिल्यांदा आली ती अठराशे पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. तिचा नवरा सेलेस्टीन रेल्वेत फिटर होता, त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूळची ती ठाण्याची, नौपाड्याकडच्या किरिस्ताव शेतकऱ्यांची मुलगी. मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी कडेवर पोर घ्यावं तसं काहीतरी तिने पदराखाली धरलं होतं. पोरच असेल म्हणून मी हात धुऊन पुढे सरकलो, तर पदरातून एक पांढरं तोंड आणि एक तपकिरी कान बाहेर आला.

मी चिडलो. मी माणसांची हाडं बसवतो, फार तर बैलांची, हे काय आणलंस, असं बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बैलाला चार पाय, हिलाबी चारच," ती म्हणाली. "तुमचं अडतं कुठं, धोंडीबादादा?"

आत कलावती, माझी बायको, हसली. ती हसली म्हणून मी त्या कुत्रीला मांडीवर घेतलं. 

कुत्री मांजरापेक्षा जराशी मोठी. एक गोरा गार्ड विलायतेला परत जाताना तिला सेलेस्टीनकडे सोडून गेला होता. आनंद झाला की ती स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून नाव भिंगरी. उंदरांची तिला अशी काही चीड होती की विचारू नका. ज्या वखारीत सेलेस्टीनची ओळख होती तिथल्या शेटने याच गुणावर जोसेफिनला वखारीमागची खोली राहायला दिली होती. भिंगरीने उंदीर मारायचे, जोसेफिनने वखार झाडायची, आणि दोघींनी त्या खोलीत राहायचं. म्हणजे बाईच्या डोक्यावरचं छप्पर कुत्रीच्या चार पायांवर उभं होतं, आणि त्यातला एक पाय बिघडला होता.

बिघाड मोठा चमत्कारिक होता. भिंगरी धावता धावता मागचा डावा पाय वर उचलायची, चार-सहा पावलं तीन पायांवर टुणटुणत जायची, मग पाय मागे ताणून एक झटका द्यायची आणि पुन्हा चारही पायांवर पळायची, जसं काही झालंच नाही. वखारीतले हमाल म्हणायचे की कुत्री नाटकी आहे. मी गुडघ्यावर बोट ठेवलं आणि मला कळलं. गुडघ्याची वाटी आपली जागा सोडून आतल्या बाजूला सरकली होती. मी पाय सरळ ताणला, अंगठ्याने वाटी बाहेरच्या बाजूला लोटली. टक् असा बारीक आवाज झाला.

"बसली का?" जोसेफिनने विचारलं.

"बसली."

भिंगरी मांडीवरून उडी मारून ओटाभर तीनदा फिरली. कलावतीने तिला भाकरीचा तुकडा टाकला. पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो की आपण विलायती कुत्रंही बरं करतो.

तिसऱ्या दिवशी वाटी पुन्हा निसटली होती. मी बसवली. आठवड्याने पुन्हा आली, पुन्हा बसवली. संक्रांतीपर्यंत अकरा वेळा बसवली असेल, आणि दर वेळी ती बाई मान पुढे काढून तेच विचारायची, "बसली का?" आणि मी तेच सांगायचो.

आता खरं सांगतो. तिसऱ्याच खेपेला मला सगळं कळून चुकलं होतं. वाटी जिच्यात सरकते ती हाडातली पन्हाळ खोल लागते. पाटाला चर नीट काढलेला असला की पाणी बाहेर जात नाही, तसंच ते आहे. भिंगरीची पन्हाळ जन्मतःच उथळ होती. मी कितीही वेळा वाटी बसवली तरी ती निसटणारच होती. आज कमी, उद्या जास्त, पण निसटणारच. बसवणं माझ्या हातात होतं, टिकवणं नव्हतं. एवढं वाक्य जोसेफिनला सांगायला मला काय होत होतं? पण "हे माझ्याच्याने होणार नाही" असं मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो, आणि एका कुत्रीपायी ते म्हणायची माझी तयारी नव्हती.

जे सांगता येण्यासारखं होतं ते मात्र मी नीट सांगितलं, आणि त्या बाईने ते माझ्या चार रोगी माणसांनी मिळून पाळलं नसेल इतकं पाळलं. कुत्रीला लठ्ठ होऊ द्यायचं नाही, एकेक घास मोजून द्यायचा. ओट्यावरून, पोत्यांच्या थप्पीवरून उडी मारू द्यायची नाही. वखारीच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून जोसेफिनने जुनी गोणपाटं शिवून दारापासून कोपऱ्यापर्यंत अंथरली. सकाळ-संध्याकाळ खोबरेल कोमट करून मांडी चोळायची, कारण मांडीचं मांस दणकट असलं तर वाटीला थोडा तरी आधार मिळतो. आठवड्यातून दोनदा ती तिला नदीवर नेऊन उथळ पाण्यात चालवायची. वाटी बसवायचीही युक्ती मी तिला शिकवली. पण कुत्रीला दुखेल या भीतीने ती दाब अर्ध्यावर सोडायची, आणि मग दोघी माझ्या दाराशी यायच्या.

भिंगरी तर माझ्या ओट्याला इतकी सरावली की पुढे पुढे जोसेफिनची वाटही बघेनाशी झाली. वाटी निसटली की तीन पायांवर टुणटुणत दोन गल्ल्या ओलांडून एकटीच यायची, माझ्या पायाशी उताणी पडायची आणि तो डावा पाय वर धरायची. मी जेवत असलो तर हात धुईपर्यंत तशीच पडून राहायची. कलावती म्हणायची की तुमच्या सगळ्या रोग्यांत हीच तेवढी शहाणी आहे. मला त्या जनावराचा लळा लागला होता, हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

जोसेफिनने नवसही केला होता. त्यांच्यात पायाचं दुखणं असलं की मेणाचा पाय देवळात वाहतात. ठाण्याच्या जत्रेत तिने मेणवाल्याकडे कुत्र्याचा पाय मागितला, तेव्हा तो हसून लोळायचा तेवढा राहिला. शेवटी तिने तान्ह्या पोराचा पाय घेतला, सगळ्यांत लहान तोच होता. गुडघा कायमचा बरा झाला की वाहीन म्हणून तिने तो फडक्यात बांधून ठेवला. मला दाखवला तेव्हा मी मान डोलावली. तो पाय कधीच वाहिला जाणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी मान डोलावली.

अशी दीड-दोन वर्षं निभावली. मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला.

मुंबईत आला, ठाण्यात आला असं ऐकत होतो, आणि एके सकाळी वखारीत उंदीर पडले. न मारता, आपणहून. भिंगरी एका मेलेल्या उंदरापाशी नुसती बसून होती, म्हणे. दुपारपर्यंत शेट वखारीला कुलूप घालून आपल्या गावी निघून गेला. आठ दिवसांत आमची आळी रिकामी करायचा हुकूम निघाला आणि आम्हाला शहाडच्या बाजूला, नदीकाठच्या शेतांत बांबूच्या झोपड्यांत नेऊन ठेवलं. जोसेफिनची झोपडी आमच्यापासून चौथी होती.

छावणीत रोज सकाळी हजेरी असायची. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. मुकादम पोपट, आमच्याच आळीतला माणूस, नावं पुकारायचा आणि प्रत्येकाने दहा पावलं चालून दाखवायची. कारण तापाची गाठ बहुतेक जांघेत यायची आणि जांघेत गाठ आली की माणूस लंगडायचा. जो लंगडला त्याला पलीकडच्या आजाऱ्यांच्या इस्पितळात न्यायचे. त्याला शिवलेल्या सगळ्यांना, बायकोपोरांसकट, नदीजवळच्या वेगळ्या मांडवात ठेवायचे. तिथे आजारी घरांतली माणसं एकत्र कोंबलेली असायची. बरा असलेला माणूसही तिथे जाऊन आजारी पडायचा. काटा मोडला म्हणून लंगडलेला एक म्हातारा तिकडे गेला आणि परत आला नाही. त्यानंतर पायाला ठेच लागली तरी माणसं दात चावून सरळ चालायला शिकली.

माणसांना हे शिकता आलं. भिंगरीला कोण शिकवणार?

उंदरांच्या वखारीतली कुत्री, आणि मागच्या पायाने लंगडते. लोकांनी दोन आणि दोन चार केले. बायका पोरांना मागे ओढू लागल्या. जोसेफिन सांगायची की हे जुनं आहे, दोन वर्षांचं आहे, बघा, आता नीट चालते. तेच तर लोकांना जास्त भिववत होतं, की घटकेत लंगडते आणि घटकेत धावते. पोपट पहिल्या दिवशी चेष्टेने बोलला. चौथ्या दिवशी त्याने जोसेफिनला बजावलं की कुत्री पुन्हा लंगडताना दिसली तर छावणीत ठेवणार नाही, मारून टाकू. त्याचंही एक पोर आळी सोडायच्या आधी याच तापाने गेलं होतं. मी त्याला दोष देत नाही, किंवा देतो, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जोसेफिनने भिंगरीला झोपडीच्या मेढीला बांधून ठेवलं. दिवसभर वाऱ्यासारखं पळणारं जनावर, दीड हात दोरीवर. ती दोरी ताणायची, उभी राहायची, उड्या मारायची, आणि त्याने गुडघा आणखी बिघडला. पूर्वी आठवड्यातून एकदा निसटणारी वाटी आता दिवसातून दहादा निसटू लागली. हजेरीला सगळे बाहेर असले की तिचं केकाटणं रांगेपर्यंत ऐकू यायचं. तेव्हा जोसेफिन मान खाली घालून उभी असायची.

एका दुपारी ती आमच्या झोपडीत आली आणि कलावतीच्या चुलीपाशी बसली. कुत्री पदराखाली होती, पहिल्या दिवशी होती तशीच.

"धोंडीबादादा, आता मना कायमची बसवून द्या," ती म्हणाली. "एकदाच. पुन्हा नाय मागणार."

 खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. बाई, ही कायमची बसत नाही, हिला घेऊन आजच्या आज ठाण्याला भावाकडे जा, हातापाया पडून छावणीबाहेर पडायचा परवाना मिळव, असं मी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो की एक उपाय राहिलाय, डाग.

लंगड्या बैलाला आम्ही सांध्यावर डाग देतो. लोखंड लाल करून तीन रेघा ओढायच्या. कातडी आकसते, सांधा आवळला जातो, असं वडील सांगायचे. बैलांच्या बाबतीत कधी गुण येतो, कधी नाही. पूर्वी हमालांनी जोसेफिनला हेच सुचवलं होतं, तेव्हा ती त्यांच्यावर धावून गेली होती. या खेपेला ती बराच वेळ कुत्रीच्या कानामागे खाजवत बसली, आणि मग तिने भिंगरीला माझ्या मांडीवर ठेवलं.

भिंगरीला वाटलं, नेहमीसारखंच आहे. ती उताणी झाली आणि पाय वर धरला.

रोग रेड्याला आणि डाग पखालीला, अशी म्हण आहे. खोट हाडात होती आणि मी भाजलं कातड्याला. विळ्याचं टोक लाल करून मी तीन रेघा ओढल्या. जोसेफिनने भिंगरीचं तोंड पदरात दाबून धरलं होतं, म्हणून आवाज बाहेर गेला नाही. कलावती उठून बाहेर गेली होती.

लोकांची नजर चुकवायला केलेला हा उपाय आम्हाला आगीतून फुफाट्यात घेऊन गेला. बैलाचं कातडं जाड असतं. हिचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याइतकं. तिसऱ्या दिवशी जखम चिघळली. मी कडुलिंबाचा पाला वाटून बांधला, तो तिने चाटून काढला. पाचव्या दिवशी अंग तापलं. सहाव्या दिवशी सकाळी मी मांडीच्या मुळाशी हात लावला आणि माझा हात तिथेच थांबला. जांघेत सुपारीएवढी गाठ होती.

ती तापाची गाठ नव्हती. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जखम बरी झाली की ते जिरतं. मी आयुष्यात शेकडो अवधाणं पाहिली होती. पण त्या साली, त्या छावणीत, जांघेतल्या गाठीला दुसरं नावच उरलं नव्हतं. मी जोसेफिनला म्हणालो, कुणाला दाखवू नकोस, चार दिवसांत उतरेल.

दुसऱ्याच दिवशी पोपट दोन माणसं घेऊन झोपड्या तपासायला आला. भिंगरीला दोरीसकट बाहेर ओढलं तेव्हा आम्ही सगळे गोळा झालो होतो. एकाने तिला काठीने उताणं केलं. गाठ सगळ्यांनी पाहिली, आणि सगळे एक पाऊल मागे सरले. डॉक्टर परवा येणार होते. तोवर थांबू या, असं कुणीही म्हणालं नाही.

मग पोपटाला डाग दिसला. तीन रेघा, शेजारी शेजारी, नीट अंतरावर. कल्याणात अशा रेघा कोण ओढतो हे सांगायची गरज नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"धोंडीबा, हा डाग तू दिलास का?"

एवढंच विचारलं त्याने. आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, डाग माझा आहे, जखम डागाची आहे आणि गाठ जखमेची आहे, ही कुत्री मी दोन वर्षं हाताळतोय, परवा डॉक्टर येईपर्यंत थांबा. हाडाच्या बाबतीत माझा शब्द तिथे चालला असता. कदाचित चालला नसता. पण मी "हो" म्हटलं की मी आणि कलावती दोघांना नदीजवळच्या मांडवात जावं लागणार, हे नक्की होतं. मला तो काटा मोडलेला म्हातारा आठवला. आणि आणखी एक गोष्ट, जी मी कलावतीलाही सांगितलेली नाही. धोंडीबाने डाग दिला आणि तो चिघळला, हे चारचौघांत माझ्याच तोंडाने कबूल करायला लागणार होतं.

"मी नाही," मी म्हणालो. "मी कुत्र्याला कशाला हात लावू?"

त्या ओढाताणीत भिंगरीचा गुडघा निसटला होता. दोरी धरणाऱ्याचा हात जरा सैल पडला, आणि ती त्या गर्दीतून तीन पायांवर टुणटुणत निघाली. माणसं वाट सोडत गेली. ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या पायाशी उताणी पडली आणि डावा पाय वर धरून माझ्याकडे बघत राहिली.

सगळे बघत होते. मी नुसता वाकलो असतो तरी अंगठ्याचं काम होतं. मी पाय मागे घेतला. ती सरकून पुन्हा जवळ आली आणि पुन्हा पाय वर धरला. मी तिला पायाने बाजूला लोटलं.

तेव्हा जोसेफिन बोलली. ती माझ्याकडे न बघता पोपटाशी बोलत होती.

"डाग मीच दिला, विळा तापवून," ती म्हणाली. "दुसरं कुनी हात नाय लावला तिला. ती अशी कुनाच्याबी पायाशी पडते, तिला सवय हाय."

पोपट काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, असं मला वाटतं. पण ऐकलेलं मानणं त्याला सोपं होतं. जोसेफिनला मांडवाकडे नेलं आणि भिंगरीला शेताच्या कडेला, जिथे खड्डा खणून ठेवला होता तिथे. मी झोपडीत येऊन बसलो. लांबून काठीचे दोन आवाज आले.

दुपारी औषधपाण्यासाठी सगळ्यांना पुन्हा रांगेत बोलावलं होतं. मी गेलो नाही, खड्ड्याकडे गेलो. चुना अजून टाकला नव्हता. ती कुशीवर पडली होती आणि डावा पाय वाकडा, पोटाशी ओढलेला होता. मी खड्ड्यात उतरलो, पाय सरळ ताणला आणि अंगठ्याने वाटी लोटली. बसली. पाय दोन-तीनदा दुमडून पाहिला, वाटी हलली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती जागेवर राहिली. सकाळी शंभर माणसांसमोर जे जमलं नाही ते करायला मी कुणी बघत नसताना आलो होतो, आणि वर आपल्या हाताचं काम नीट झालंय का हेही तपासून बघत होतो. मला माझीच शिसारी आली.

संध्याकाळी कलावतीने ताट वाढलं. मी म्हणालो, "तुझ्यासाठी गप्प बसलो. तुला तिकडे नेलं असतं."

"माझं नाव पुढं करू नका," ती म्हणाली. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

जोसेफिनला मांडवात तेरा दिवस ठेवलं. तिला काहीही झालं नाही. होणार कसं, कुत्रीला काही झालंच नव्हतं. छावणी उठली तेव्हा शेट परतला. त्याने वखार धुऊन चुना मारला आणि जोसेफिनला सांगितलं की कुत्रीच नाही तर खोली कशाला. तो तसा वाईट माणूस नव्हता, सामान न्यायला त्याने गाडी दिली. ती ठाण्याला भावाकडे गेली. जाताना आमच्या दारावरून गेली, थांबली नाही.

मी धंदा सोडला नाही. सोडला असता तर गोष्ट सांगायला बरी झाली असती, पण पोटाला दुसरं काही येत नव्हतं. खांदे बसवत राहिलो. फक्त गुडघ्याचा रोगी आला की दुसऱ्याकडे पाठवतो, आणि विचारलं तर सांगतो की हे माझ्याच्याने होत नाही. आता हे वाक्य सहज येतं.

गेल्या साली दसऱ्यानंतर मी ठाण्याला गेलो. नौपाड्याच्या शेतांच्या कडेला तिच्या भावाचं, अँब्रोजचं, कौलारू घर आहे. जोसेफिन ओट्यावर भात पाखडत होती. बरीच वाळली होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं, आतून पाणी आणून दिलं आणि समोर बसली. आत भिंतीतल्या कोनाड्यात त्यांच्या देवाच्या तसबिरीखाली तो मेणाचा पाय होता, फडकं काढून तसाच ठेवलेला. दोन उन्हाळ्यांनी तो थोडा वाकला होता.

मी येताना आगगाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, माझं चुकलं, मी भ्यालो, तू माझं नाव घेतलं नाहीस. पण पाणी संपलं तरी मी लोटी हातात धरून बसलो. भाताचा भुसा उडून माझ्या धोतरावर पडत होता. शेवटी तीच बोलली.

"मांडवातून मना काय दिसत नव्हतं," ती म्हणाली. "तिला नेली तवा पाय निसटलेला होता. तसाच दुखत गेली का ती? मना तेवढंच रोज वाटतं."  मग तिने मान पुढे काढली, माझ्या ओट्यावर काढायची तशी. "बसली का?"

मी लोटी खाली ठेवली.

"बसली," मी म्हणालो. "मीच बसवली."

तिने डोळे मिटले आणि हळूच मान हलवली. "देव तुमचं भलं करो, धोंडीबादादा," ती म्हणाली. कधी बसवली ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मग तिने सूप पुढे ओढलं, आणि मी स्टेशनच्या वाटेला लागलो.